घरात येणारा साप आणि वैद्याचे उत्तरदायित्व

पावसाळा सुरू झाला की ग्रामीण भागातील वैद्याकडे सापाविषयीच्या शंका येऊ लागतात. बिळांत पाणी शिरते आणि बेडूक-उंदरांच्या मागावर असलेले साप कोरड्या जागेच्या शोधात घराच्या आश्रयाला येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील आहेत. ज्या शास्त्राच्या आठ अंगांपैकी एक अंग विषचिकित्सेला वाहिलेले आहे, त्या शास्त्राच्या उपासकांनी या आकड्यांकडे तटस्थपणे पाहणे योग्य नव्हे.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सर्पांचे दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष व वैकरंज असे भेद सांगितले. फणा असणारे, अंगावर मंडले असणारे, पट्टे असणारे ही विभागणी आजही नाग, घोणस व मण्यार यांना सहज लागू पडते. राजिमंत सर्प रात्रीच्या अखेरच्या प्रहरी संचार करतात, हे त्यांचे निरीक्षण तर विस्मित करणारे आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार डसते ती बहुधा रात्री, सारे घर गाढ झोपेत असताना.

म्हणून वैद्याला घरात आढळणारे साप ओळखता आले पाहिजेत. मण्यार काळसर निळी असते. तिच्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, असतात. ते मानेपासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे अधिक ठळक होतात. भिंतीवर सहज चढणारा कवड्या हा बिनविषारी साप. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात व शेपटीकडे पुसट होत जातात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि तिचा फुत्कार कुकरच्या शिटीसारखा मोठा असतो. अजगराचे पिल्लू समजून तिला हात लावणारे आजही भेटतात. धामण बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. तिला नागाची मादी समजून मारणे म्हणजे शेतकऱ्याने आपलाच राखणदार मारणे होय. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सापांना संरक्षण आहे, हेही रुग्णांना सांगावे. घरात साप दिसल्यास त्याच्यावर दुरून नजर ठेवून सर्पमित्रास किंवा वनविभागास कळवावे.

सापाचा बंदोबस्त उंदरांच्या बंदोबस्तापासून सुरू होतो. धान्याच्या कणग्या झाकलेल्या असाव्यात, भिंतींतील बिळे बुजवलेली असावीत, सरपण व गोवऱ्या घराला लागून रचू नयेत. खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये. फिनाईल, लसूण वा हिंग यांनी साप दूर राहतो, या समजुतीस आधार नाही. त्या भरवशावर बीळ उघडे ठेवणे घातक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सापाची ओळख दंशापूर्वीच्या सावधगिरीसाठी आहे. दंशानंतर साप शोधण्यात वा मारण्यात एक क्षणही दवडू नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, आणि रुग्णालयात उपचार लक्षणांवरून ठरतात. मण्यारीच्या दंशाची खूण बहुधा दिसतही नाही, सूज व वेदना नसल्यासारख्याच असतात. पहाटे पोटात दुखते, उलट्या होतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा रुग्णाला अजीर्ण समजून पाचक चूर्ण दिले, तर श्वास थांबेपर्यंत निदान होत नाही.

आमच्या काही वैद्यबंधूंना असे वाटते की, दंश झालेल्या रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडणे हा अगदतंत्राचा कमीपणा आहे. आमचे मत नेमके उलट आहे. ग्रंथात दंशस्थानाच्या वर चार अंगुळांवर अरिष्टाबंधन, तसेच छेदन व आचूषण सांगितले आहे. प्रतिविष उपलब्ध नसलेल्या काळातील ते सर्वोत्तम प्रयत्न होते. आज आपल्याला माहीत आहे की आवळून बांधल्याने अवयव निकामी होऊ शकतो आणि चिरा दिल्याने घोणस-फुरशाच्या दंशात रक्तस्राव वाढतो. विष वेगावेगाने पसरते, म्हणून त्वरा करावी, हा आचार्यांचा मूळ आशय. तो आज पाळायचा तर रुग्णास धीर द्यावा, अंगठ्या व कडी काढावीत, मोडलेल्या हाडाप्रमाणे अवयव फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास विलंब होत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मारुतीच्या पारावर नेणाऱ्या नातलगांना थोपवण्याचे सामर्थ्य गावात कोणाच्या शब्दात असेल, तर ते वैद्याच्याच. पुढे जखम भरून येण्याच्या व बल परत मिळवण्याच्या काळात आपल्या चिकित्सेला भरपूर वाव आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आम्ही संघटनेच्या प्रत्येक शाखेस विनंती करतो की, दर वर्षी मे महिन्यात सभासदांसाठी सर्पपरिचयाचा एक वर्ग घ्यावा. प्रत्येक चिकित्सालयात चार विषारी व दोन बिनविषारी सापांची चित्रे आणि प्रथमोपचाराच्या सूचना ठळक लावाव्यात. जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे, याची चौकशी पहिल्या पावसापूर्वीच करून ठेवावी. यास खर्च जवळजवळ नाही, आणि एक जरी घर उघडे पडण्यापासून वाचले तरी अगदतंत्राचा याहून मोठा सन्मान दुसरा नाही.