मोडीच्या तराजूत पडलेले दिवे

इंग्लंडमधील हौशी संग्राहक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट घाटाच्या शमादानांना आज मोठे मोल देतात. विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) आणि त्याचे अनुयायी यांनी यंत्राच्या एकसुरी उत्पादनाविरुद्ध हस्तकौशल्याचा कैवार घेतला. त्या चळवळीतील कारागिरांनी तांब्यापितळेवरील हातोडीचे घाव घासून नाहीसे केले नाहीत. ते दिसावेत यातच भूषण मानले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६५ पासून दहा वर्षे अध्यापन करणारे जॉन लॉकवुड किपलिंग हेही याच विचाराचे, तेव्हा हे सारे आपल्याला परके आहे असे नव्हे.

परंतु मॉरिसला जे ग्रंथ लिहून पटवावे लागले, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेलगत, बस्तरच्या घडव्यांच्या आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील वोज कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोर गुंडाळून आकृती उभी करावयाची, त्यावर मातीचा लेप द्यावयाचा, भट्टीत मेण वितळून वाहून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा. दिवा बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. म्हणून एकासारखा दुसरा दिवा निघत नाही. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे. आदिलाबादच्या या कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे उचितच झाले.

नव्या कामाची बूज राखली जात असली तरी जुन्या वस्तूंचे काय? ज्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे, त्याच्या आसमंतात दिवे आणि समया निरुपयोगी ठरल्या तर दोष कुणाला द्यावा! वीज आली, दिवा माळ्यावर गेला, आणि एखाद्या अडचणीच्या वर्षी तो मोडीच्या तराजूत पडला. घेणारा पितळेचे वजन करतो. शहरातील दुकानात तीच वस्तू ‘आदिवासी कला’ या नावाने कैक पटींनी विकली जाते. त्यातच नव्या ओतीव वस्तूंना काळपटपणा आणून त्या पुरातन म्हणून खपविणारेही आहेत. अशा बाजारात हौस म्हणून उतरणारा सुशिक्षित मनुष्य नकळत या लुटीतील भागीदार होतो.

म्हणून संग्रह करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. चष्म्याच्या व्यवसायातील या कवीने दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला आहे. केळकर नसते तर यांतील कितीतरी वस्तू वितळून गेल्या असत्या. त्यांनी वस्तू लोकांसाठी जमविल्या, दिवाणखान्यासाठी नव्हे.

कायद्याचे साह्य मर्यादितच आहे. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. पण माळ्यावरच्या दिव्याचे वय सिद्ध कोण करणार?

ते काम येथील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थीच करू शकतील. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याने जिल्ह्यातील दिव्यांची नोंदवही उघडावी. गाव, घर, ओतणाऱ्याचे नाव, कोणत्या सणाला वा विधीला दिवा लागत असे, एवढे लिहून छायाचित्र चिकटविले तरी पुष्कळ झाले. याला अनुदान लागत नाही. उन्हाळ्याची सुट्टी पुरते. कोणी आपण होऊन वस्तू विकू लागला तर शहरातील भाव आधी त्याला सांगावा आणि मगच किंमत ठरवावी. देवापुढचा दिवा मात्र मागूच नये. त्याची नोंद करून तो जागच्या जागी राहू द्यावा.