भाकीत वाऱ्याचे, हिशेब विजेचा

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. धान्ये, मातीची ढेकळे आणि पाण्याचा करवा यांत रातोरात झालेले बदल पाहून दुसऱ्या पहाटे वर्षभराच्या पावसापाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते चुकले तरी कोणाला दंड होत नाही. वाऱ्यावर वीज निर्माण करणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पवन प्रकल्पांना उत्पादनाचा अंदाज दर १५ मिनिटांसाठी, म्हणजे दिवसाचे ९६ आकडे, आगाऊ द्यावा लागतो. चूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की युनिटमागे आकार भरावा लागतो. अंदाज कठीण असण्याचे कारण साध्या गणितात आहे. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते; वेगाचा अंदाज १० टक्के चुकला, तर विजेचा सुमारे ३० टक्के चुकू शकतो.

आता हा प्रश्न समुद्रात जाणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. समुद्रावरचा वारा अधिक जोमदार व स्थिर असतो, हे खरे. पण तेथे निरीक्षण केंद्रे विरळ, त्यामुळे भिस्त उपग्रह आणि संगणकीय प्रारूपांवर. शिवाय साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या विखुरलेल्या असल्याने एकीकडची चूक दुसरीकडे काही अंशी भरून निघते. समुद्रात शेकडो मेगावॅट एकाच ठिकाणी. वादळी वाऱ्यात सुरक्षेसाठी चक्क्या थांबतात, तेव्हा सगळ्या जवळपास एकदमच थांबण्याची भीती.

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या बुलढाण्याला याचे काय? गुजरात आणि महाराष्ट्र एकाच पश्चिम विभागीय ग्रिडमध्ये आहेत. अंदाज फसला की कोयनेचे पाणी किंवा कोळशाची वीज तातडीने वापरावी लागते, आणि त्या धावपळीचा खर्च कधी ना कधी ग्राहकाच्या बिलात उतरतो. म्हणून अनुदानाइतकाच पैसा नव्हे, तरी त्यातला काही भाग समुद्रातील वारामापनावर आधी खर्च होणे शहाणपणाचे. आपल्याकडे खांब आधी उभे राहतात, मोजमाप मागून येते! निदान प्रत्येक प्रकल्पाचा कालचा अंदाज आणि कालचे प्रत्यक्ष उत्पादन शेजारी-शेजारी मांडून रोज जाहीर व्हावे. भेंडवळच्या भाकिताचीही वर्षअखेरीस गावोगावच्या पारावर उजळणी होतेच.