पाण्याने थंड होणारी संगणकपेटी : काही विचार

शक्तिशाली संगणकासाठी पाण्याने थंड होणारी आटोपशीर पेटी बांधावयाची झाल्यास पहिला प्रश्न ती किती लहान करता येईल हा नसून, वैशाखात तिच्याभोवतीची हवा किती तापलेली असेल हा होय. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात हा प्रश्न टाळता येत नाही. मे महिन्यात तेथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पत्र्याच्या छपराखाली तर विचारावयासच नको. उलट, पेट्यांचे तयार आराखडे बहुधा २० ते २५ अंशांची खोली गृहीत धरतात. ते जसेच्या तसे उतरविणे आम्हांस मान्य नाही.

पाणी उष्णता नाहीशी करीत नाही, ती वाहून नेते. संगणकात ५०० वॅट उष्णता निर्माण होत असून मिनिटाला एक लिटर पाणी फिरविले, तर पाण्याचे तापमान एका फेरीत सुमारे ७ अंशांनी वाढते. हेच काम हवेकडून १० अंशांच्या वाढीत करून घ्यावयाचे तर मिनिटाला अडीच ते तीन घनमीटर हवा लागेल. वाहक म्हणून पाण्याची योग्यता यावरून दिसते. परंतु ही सर्व उष्णता रेडिएटरमधून अखेर हवेलाच द्यावयाची असते. तेव्हा हवेची गरज टळत नाही. देवघेव कोठे व्हावी हे ठरविण्याची मोकळीक तेवढी मिळते. शिवाय अशा साध्या रचनेत पाणी खोलीच्या हवेहून थंड कधीच होत नाही.

यात नवे असे काही नाही. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत तयार झालेल्या ‘शक्तिमान’ मालमोटारींची इंजिने याच तत्त्वावर थंड राहत. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढून घेतली जाते.

म्हणून रचनेचा आरंभ रेडिएटरपासून करावा. पेटीची एक संपूर्ण बाजू त्याला द्यावी, बाहेरची हवा प्रथम त्यालाच मिळावी, आणि तापलेली हवा पुन्हा आत वळू नये. इतकी जागा नसेल तर रेडिएटर पेटीबाहेर बसवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिसावयास ते थोडे ओबडधोबड वाटेल, पण चार बोटे जागा वाचविण्यासाठी पंखे भरधाव फिरवून कर्कश आवाज सहन करण्यात शहाणपण नाही. प्रोसेसरवरील तांब्याचा ठोकळा केवळ प्रोसेसरचीच उष्णता घेतो. भोवतालच्या विद्युत्-घटकांना वाऱ्याची झुळूक लागतेच, हेही बंद पेटी आखणारे पुष्कळदा विसरतात. धूळ अडविणारी जाळी हाताने काढून धुता यावी.

नळाचे अथवा कूपनलिकेचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार बारीक खाचांत साचतात व प्रवाह रोधतात. ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक द्रव्य घालावे. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच प्रवाहात जोडल्यास ॲल्युमिनियम झिजू लागते. रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्यावा. टाकी पंपाहून उंच असावी, म्हणजे पंपात हवा अडकत नाही.

पेटी चुकली तर नुकसान चटकन ध्यानात येत नाही, हीच खरी अडचण. आजचा प्रोसेसर फार तापला की जळत नाही, तो आपला वेग आपणच कमी करतो. ज्या कारखानदाराने साच्यांच्या आकडेमोडीसाठी मोठी रक्कम मोजून हे यंत्र घेतले, त्याला उन्हाळाभर निम्म्याच पैशांचे काम मिळावे आणि त्याचा पत्ताही लागू नये, असे घडू शकते. यास्तव पेटीची परीक्षा मे महिन्यातील दुपारी, झाकण लावून, पूर्ण भार देऊन, निदान चार तास करावी व पाण्याचे तापमान आणि प्रोसेसरचा वेग दर पंधरा मिनिटांनी टिपून ठेवावा. पौषातील सकाळी घेतलेल्या परीक्षेचे आकडे दाखवून कोणी पेटी विकू लागला, तर ती घेऊ नये.