शीर्षकाखालची रेघ

संपादक महोदय,

देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नसल्यामुळे मराठी अहवालातले शीर्षक उठून दिसत नाही. म्हणून ते ठळक करावे, अक्षरांत अंतर वाढवावे आणि खाली रेघ मारावी, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी सुचवले आहे. त्यांची अडचण खरी आहे, पण उपाय मला मुळीच मान्य नाही.

आपले उकार आणि ऋकार अक्षराच्या पायाशी लागतात. ‘गुरुकुल’ किंवा ‘मृत्यू’ या शब्दांखालून रेघ ओढली, की ती नेमकी या खुणांना छेदते आणि ऱ्हस्व-दीर्घ कळेनासे होते. अक्षरे फाकवली तर शिरोरेषाच तुटते. ठळकपणाही लहान आकारात जपून वापरावा. ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते.

मोठ्या लिपीशिवाय आपले काही अडले नव्हते. अनेक हस्तलिखित पोथ्यांत अध्यायसमाप्तीचा मजकूर लाल शाईने लिहिलेला आढळतो. डोळा तिथे आपोआप थांबतो.

आज आकार दीड-दोन पॉइंटांनी वाढवावा, वर खालच्यापेक्षा जास्त जागा सोडावी, शेवटी पूर्णविराम देऊ नये. एवढे पुरते. मात्र हे हाताने न करता वर्डमधली ‘हेडिंग’ शैली लावावी, असा माझा आग्रह आहे. तिच्यावरून अनुक्रमणिका तयार होते आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकांना थेट हव्या त्या प्रकरणावर जाता येते. नुसत्या ठळक केलेल्या ओळीवरून त्यांना तसे जाता येत नाही.

आपला,
एक वाचक