क्लचचा आवाज आणि हाताचे शिक्षण



गौलीगुड्याचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. इथल्या विमानाच्या हँगरमध्ये पुढे बसस्थानक झाले. ५ जुलै २०१८ रोजी त्याचे छत कोसळले; पण धोका ओळखून काही दिवस आधीच बसगाड्या हलविल्या होत्या, म्हणून कोणालाही इजा झाली नाही. मोडण्याआधी वस्तू बहुधा इशारा देते. ऐकणारा कान मात्र हवा.

गाडीच्या क्लचचेही तसेच. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर थांबते, तर बहुधा रिलीज बेअरिंग झिजलेले असते. उलट, दाबल्यावर आवाज थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यावा. गाडी चालवताना सतत पेडलवर पाय ठेवण्याची सवय या बेअरिंगचे आयुष्य कमी करते.

आम्ही काही पालकांनी एका जुन्या मारुती ८०० चे हे काम रविवारी घरीच केले. बेअरिंग मुठीएवढे; पण त्याच्यापर्यंत पोचायला बॅटरीची वायर काढणे, गिअर ऑइल उतरवणे, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सोडवणे आणि गिअरबॉक्स खाली घेणे, एवढे सोपस्कार. म्हणूनच क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही तेव्हाच तपासावी. नवे सीलबंद बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नये. आतले ग्रीस निघून जाते. शेवटी पेडलची ढिलाई नीट लावावी.

मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड, चाकांना ओट, सपाट जमीन आणि सोबत दुसरा माणूस नसेल, तर हे काम घरी करूच नये. आम्हालाही गिअरबॉक्स खाली घेताना ओळखीच्या उस्तादांना बोलवावे लागले, आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटला नाही.

खरा धडा मुलांना मिळाला. पुस्तकातले घर्षण आणि तरफ त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ‘अभ्यास केला नाहीस तर मेकॅनिक होशील’ असे आपण घरोघरी सहज बोलतो. त्या दिवशी उस्तादांनी केवळ आवाजावरून दोष सांगितला, तेव्हा ते वाक्य आम्हालाच टोचले. काळ्या हातांमागेही मोठी विद्या असते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की महिन्यातून एक शनिवार हातकामासाठी ठेवावा. मुलामुलींना सारखेच शिकवावे; आणि शिकवायला आलेल्या कारागिराला इतर गुरुजनांप्रमाणेच खुर्ची, चहा आणि मानधन द्यावे. मुले पाने धरायला शिकतील, आणि माणसाची किंमत त्याच्या कपड्यांवरून करायची नसते, हेही शिकतील.