शिकाऊ समुपदेशकाची फी कोणी भरायची?

वीजतंत्र्याचा व्यवसाय शिकायचा तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे काढावी लागतात. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करताना त्याला विद्यावेतन देणे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकावर बंधनकारक केले आहे. तार चुकीची जोडली गेली तर माणूस दगावतो, म्हणून तार जोडणाऱ्याला शिकवणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व या देशाने साठ वर्षांपूर्वीच मान्य केले. नवरा आणि बायको यांच्यामध्ये बसून त्यांच्या संसाराच्या तारा जोडणाऱ्या समुपदेशकाच्या चुकीनेही माणूस दगावतो; बहुधा बाई दगावते. पण या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन तर नाहीच, उलट शिकण्याचा सारा खर्च त्यानेच, किंवा अधिक अचूक बोलायचे तर तिनेच, पदरमोड करून भागवावा अशी अपेक्षा आहे. ज्या कामाची गरज समाजाला आहे त्याचे शिक्षण बाजारावर सोपवणे, ही या क्षेत्रातील मूळ विकृती होय.

हा बाजार कसा चालतो? दांपत्य-समुपदेशन आणि कुटुंबचिकित्सा यांच्या कार्यशाळा महानगरांतील हॉटेलांत शनिवार-रविवारी भरतात, किंवा संगणकाच्या पडद्यावर भरतात. अमेरिकेतील अमुक एका चिकित्सापद्धतीची पहिली पायरी, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक पायरीला वेगळे शुल्क आणि वेगळे प्रमाणपत्र. शिकवणे इंग्रजीत, उदाहरणे परक्या घरांची. शुल्क असे की तालुक्याच्या गावी मानधनावर राबणाऱ्या कार्यकर्तीने त्या वाटेला जाऊच नये. परिणाम उघड आहे. ज्यांच्याकडे तासाला हजारो रुपये मोजणारी जोडपी येतात त्यांचे शिक्षण अखंड चालू राहते. आणि अंगावरचे वळ दाखवत येणाऱ्या बाईसमोर जी बसते तिच्या वाट्याला वर्षाकाठी एखादे शिबिर, त्यात उद्घाटन, सत्कार आणि दोन व्याख्याने.

काम घेतले, शिकवणे विसरले

हे काम महाराष्ट्रात मुळात कोणी उभे केले याचा विसर पडता कामा नये. 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन स्त्री-कार्यकर्त्या ठिकठिकाणी गेल्या. बायका बोलू लागल्या आणि त्यांचे ऐकून घेणारी केंद्रे चळवळीला उघडावी लागली. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छपराखाली, पण पोलिसी खाक्याबाहेर राहून समाजकार्यकर्तीने स्त्रीची बाजू ऐकावी ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षी कुटुंब न्यायालय कायदा संमत झाला आणि त्याच्या कलम 6 ने न्यायालयाला समुपदेशक देण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. पुढे 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला आणि विशेष कक्ष राज्याच्या महिला व बालविकास खात्यामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. 2015 पासून केंद्राच्या योजनेतून ‘सखी’ केंद्रे उघडली.

म्हणजे कायदे आहेत, कक्ष आहेत, पाट्या आहेत. महाराष्ट्राने कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशकाचे नियमित पद निर्माण केले, ही जमेची बाजूही मान्य केली पाहिजे. परंतु शासनाने चळवळीकडून काम उचलले तेव्हा त्या कामामागचे शिक्षण उचलले नाही. चळवळीच्या केंद्रात नवी मुलगी जाणत्या कार्यकर्तीच्या शेजारी बसून महिनोन्‌महिने ऐकत असे, रात्री त्यावर चर्चा होत असे, चुकल्यास कानउघाडणी होत असे. सरकारी योजनेत उरले ते कंत्राट, नोंदवही आणि ‘किती प्रकरणे मिटवली’ याचा मासिक तक्ता.

नोंदणीची कथाही अशीच. भारतात कोणीही दारावर ‘फॅमिली थेरपिस्ट’ अशी पाटी लावू शकतो. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला; त्याच्या परिशिष्टात समाजकार्यकर्ते आहेत, कुटुंबनियोजनाचे समुपदेशक आहेत, पण दांपत्याच्या वा कुटुंबाच्या चिकित्सकाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थान नाही. कॅलिफोर्निया राज्याने या व्यवसायाला 1963 मध्येच परवाना लागू केला, आणि तेथे परवान्यापूर्वी जाणत्याच्या देखरेखीखाली 3000 तास काम करावे लागते. आपल्याकडे न्यायालयीन मध्यस्थाचे प्रशिक्षण 40 तासांचे आहे. अमेरिकेची नक्कल करा असा याचा अर्थ नव्हे. तेथेही ती उमेदवारी बहुधा पोटाला चिमटा घेऊनच करावी लागते. पण 3000 आणि 40 या दोन आकड्यांमधले अंतर या देशाने घरातल्या दुःखाला किती किंमत दिली ते सांगते.

‘जरा सांभाळून घे’

अशिक्षित समुपदेशनाने नेमके काय होते? कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 9 ने न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे. समेट ही वाईट गोष्ट नाही. परंतु समेट म्हणजे काय हे ज्याला शिकवलेलेच नाही, तो आपल्या घरात जे पाहिले तेच समोरच्या बाईला सांगतो: मुलांकडे बघ, पुरुषाचा राग क्षणाचा असतो, जरा सांभाळून घे. हा सल्ला द्यायला समुपदेशक कशाला हवा? तो शेजारीण फुकट देते.

कायदा याहून शहाणा आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील 2006 च्या नियमांत नियम 14 असा आहे की, समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन मांडता येणार नाही. आणि ही गोष्ट कामकाज सुरू होण्यापूर्वीच त्याला सांगितली पाहिजे. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला’ हे वाक्य त्या खोलीत उच्चारायलाच बंदी आहे. प्रत्यक्षात अर्धा वेळ याच वाक्याच्या चर्चेत जातो. कारण हा नियम समुपदेशकाला शिकवलेला नसतो, आणि शिकवला असला तरी समोर तावातावाने बोलणाऱ्या नवऱ्याला थांबवायचे कसे, याचा सराव कोणी करून घेतलेला नसतो. नियम वाचून येत नाही. तो हाताखाली राहून यावा लागतो.

2019 ते 2021 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. आणि हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरात केवळ चौदा. ही चौदावी बाई सारी भीड मोडून दारापर्यंत येते. तिला परत पाठवले तर ती पुन्हा येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप डाव्या गोटातलाच आहे. कुटुंबातील कलह हे बेकारीचे, दारूचे, एका खोलीत आठ माणसे कोंबणाऱ्या घरबांधणीचे अपत्य आहे. मग समुपदेशन म्हणजे व्यवस्थेच्या जखमेवर मध्यमवर्गीय मलमपट्टी नव्हे काय? या आक्षेपात सत्य आहे, पण अर्धेच. गिरणी बंद पडली म्हणून नवरा निराश झाला, हे खरे. पण त्याने ती निराशा बायकोच्याच पाठीवर का उतरवली, याचे उत्तर गिरणीत नाही. समाज बदलेपर्यंत तिने थांबावे, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही. शिवाय जखम झाल्यावर मलमपट्टी लागतेच. प्रश्न ती श्रीमंतालाच मिळावी की सर्वांना, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप व्यावसायिकांचा. दर्जा टिकवायचा तर हे काम पदव्युत्तर पदवीधरांनीच करावे. अल्पशिक्षित कार्यकर्तीला यात स्थान नसावे. या आक्षेपाला उत्तर अनुभवाने दिले आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे साल्वादोर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ मोन्ताल्वो यांनी गरीब काळ्या व स्पॅनिश-भाषक वस्त्यांतील, पदवी नसलेल्या माणसांना कुटुंबचिकित्सक म्हणून तयार केले. पद्धत साधी आणि कठोर होती: शिकाऊ माणूस कुटुंबाबरोबर बसे, जाणते शिक्षक एकतर्फी काचेमागून पाहत आणि तो अडला की तिथल्या तिथे मार्ग दाखवत. पदवी नव्हती, पण देखरेख होती.

अधिक जवळचा पुरावा गोव्याचा आहे. तेथे ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशकांना सुमारे दोन महिने शिकवून, औदासीन्य व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी काम करवले गेले. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या रुग्णांना स्पष्ट फायदा झाला, खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. सार्वजनिक व्यवस्थेला हिणवणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा. हा प्रयोग दांपत्य-समुपदेशनाचा नव्हता, हे खरे. पण नीट शिकवलेली आणि नियमित देखरेखीखालची स्थानिक व्यक्ती हे काम पेलू शकते, एवढे त्याने सिद्ध केले.

काय शिकवायचे, हाही राजकीय प्रश्न

त्याच गोव्यातील दुसऱ्या प्रयोगाने इशाराही दिला आहे. अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी तशाच समुपदेशकांनी काम केले. 2017 च्या निष्कर्षांनुसार बऱ्याच जणांचे पिणे आटोक्यात आले, अनेकांचे सुटले. परंतु जोडीदारावरील हिंसेत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘दारू सुटली की मारहाण सुटेल’ हे आपल्याकडे दारूबंदीच्या सभांतून कित्येकदा ऐकवलेले वाक्य या पुराव्यापुढे टिकत नाही. मारहाणीचे मूळ बाटलीत नाही, मालकीच्या भावनेत आहे, आणि तिच्यावर काम करण्याचे कौशल्य वेगळे शिकावे लागते.

कुटुंबचिकित्सेचे शास्त्रही या बाबतीत निष्पाप नाही. कुटुंब ही एक यंत्रणा आहे, तिचा प्रत्येक भाग दुसऱ्यावर परिणाम करतो, असे ते शास्त्र मानते. यातून मारणारा आणि मार खाणारी यांना समान वाटेकरी ठरवण्याचा धोका निर्माण होतो. रेचेल हेअर-मस्टिन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1978 मध्येच या शास्त्राची स्त्रीवादी चिकित्सा केली आणि घरातील सत्तेकडे डोळेझाक करणारी तटस्थता ही तटस्थता नसते, हे दाखवून दिले. आपल्याकडे या सत्तेत जातीची भर पडते. आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्याचा कलह, सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा कलह, हुंड्याच्या उरलेल्या हप्त्याचा कलह हे परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. ते या मातीतल्या प्रकरणांतून, मराठीतच शिकवावे लागतील.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. कुटुंब न्यायालय, विशेष कक्ष, सखी केंद्र आणि आधारगृह येथील प्रत्येक समुपदेशकाला कामावर रुजू होण्यापूर्वी भरपगारी प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि पुढे दर वर्षी कामाच्या वेळेत, कामाच्या खर्चाने ते चालू राहिले पाहिजे. दर जिल्ह्याला जाणत्या पर्यवेक्षकाची कायम नेमणूक हवी आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रकरणांची चर्चा बंधनकारक हवी. राज्यातील समाजकार्य महाविद्यालयांनी मराठीतून या विषयाचा अभ्यासक्रम चालवावा, आणि पदवी नसलेल्या अनुभवी कार्यकर्तीला त्याचे दार उघडे असावे. कंत्राट संपून नोकरी कायम झाल्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही. अकरा महिन्यांच्या माणसाला शिकवण्यात कोणत्याच सरकारला रस नसतो. नोंदणीचा कायदा जरूर करावा, पण सार्वजनिक शिक्षणाची सोय उभी करून मगच. अन्यथा ती नोंदणी म्हणजे पैसेवाल्यांसाठी राखून ठेवलेले कुंपण ठरेल.

ही मागणी केवळ समुपदेशकांच्या संघटनेची नाही. युनियनच्या कचेरीत, वस्तीतल्या शाखेत, राष्ट्र सेवा दलाच्या ओट्यावर संध्याकाळी कोण येते? नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई येते, मुलाने हाकलेला बाप येतो. कार्यकर्ता त्यांना बसवतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि निवाडा देतो. तो हे काम चळवळीच्या उमाळ्याने करतो, पण उमाळा म्हणजे कौशल्य नव्हे. त्याने किती बायकांना ‘सांभाळून घ्या’ म्हणून परत पाठवले, याचा हिशेब कोणत्याही शाखेच्या वार्षिक अहवालात नसतो. तो हिशेब पक्षाने आधी आपल्या घरात मांडावा, आपल्या अभ्यासवर्गांत या शिक्षणाला जागा द्यावी, आणि मग सरकारच्या दारात जाऊन फीची पावती त्याच्या नावाने फाडावी.