ढिगाच्या तळाशी

बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांना तळाशी ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हदीसमधला हा प्रसंग गाडी घेतानाही आठवावा.

निस्सानने ‘डॅटसन’ हे जुने नाव पुन्हा काढून 2014 मध्ये ‘गो’ ही स्वस्त छोटी गाडी भारतात आणली. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपने ती ताशी 64 किलोमीटर वेगाने धडकवून पाहिली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे! सांगाडाच कोसळला, तिथे एअरबॅग काय करणार?

2023 पासून भारत एनकॅपही तारे देते. रंग आणि अ‍ॅव्हरेज विचारतो, तसे त्याच मॉडेलचे तारेही विचारा. गाडीत आपलीच मुले बसणार आहेत.